लोहाची शिल्लक आणि साखरेचे देणे

महाराष्ट्रातून दिल्लीस प्रथमच आलेला पाहुणा लाल किल्ला आणि राजघाट पाहून झाल्यावर मेहरौलीस कुतुबमिनार पाहावयास जातो, तेव्हा मिनारापेक्षा त्याच्या अंगणातील लोहस्तंभापाशीच अधिक वेळ रेंगाळतो, असा आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींचा अनुभव आहे. सुमारे सात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा हा गुप्तकालीन स्तंभ सोळाशे वर्षे ऊनपावसात उभा असूनही गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे स्पष्टीकरण आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी दिले होते.

लोखंड आपल्या शरीरातही आहे. ते अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढे. त्याला मात्र असा नैसर्गिक थर लाभलेला नाही. ते मोकळे सुटले तर भोवतालच्या पेशींना अक्षरशः गंजवते. म्हणूनच शरीर त्याला क्षणभरही मोकळे सोडत नाही, या ना त्या प्रथिनाच्या कुलपात ठेवते. ‘रक्त कमी आहे, लोह वाढवा’ हे वाक्य आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे, आणि ते बव्हंशी खरेही आहे. तथापि लोह गरजेपेक्षा अधिक साठले तर काय होते, हा प्रश्न अलीकडच्या काळात गांभीर्याने विचारला जाऊ लागला आहे. त्याचे एक उत्तर मधुमेहाकडे बोट दाखवते. ज्या महानगरात रक्तक्षय आणि मधुमेह एकाच घरात, कित्येकदा एकाच व्यक्तीत, नांदतात त्या दिल्लीत तरी हा प्रश्न केवळ वैद्यकीय ग्रंथांपुरता उरलेला नाही.

जमेची बाजू मोठी, खर्चाची नाही

आपण सारे खातेदार असल्यामुळे हा व्यवहार खातेवहीच्या भाषेत मांडल्यास वावगे ठरू नये. शरीरातील एकंदर लोहापैकी सुमारे दोन तृतीयांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. ते चालू खाते. उरलेल्यातील बराचसा भाग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवलेला असतो; ती मुदत ठेव. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातील लोह वाया न जाता पुन्हा नव्या पेशीत घातले जाते. हा फेरवापर दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम इतका मोठा आहे. त्याच्या तुलनेत अन्नातून शोषले जाणारे लोह दिवसाकाठी जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम असते.

या खात्याचे वैशिष्ट्य असे, की त्यातून रक्कम काढण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. जादा मीठ मूत्रावाटे जाते, जादा पाणी जाते. जादा लोह बाहेर टाकणारा अवयव मात्र शरीरात नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज सुमारे एक मिलिग्रॅम जाते तेवढेच. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीमुळे यात भर पडते आणि एका गरोदरपणात सुमारे एक ग्रॅम लोह लागते. साहजिकच सारा ताबा जमेच्या खिडकीवर आहे. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक त्या खिडकीवरचा अधिकारी आहे. साठा पुरेसा असला की हे संप्रेरक वाढते आणि आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाट बंद करते. साठा घटला की वाट उघडते. इतक्या मूलभूत गोष्टीचा उलगडा विज्ञानास २००० सालाच्या आसपास व्हावा, याचे नवल वाटते.

हा अधिकारी रजेवर गेला, अथवा खिडकी टाळून मागच्या दाराने भरणा झाला, म्हणजे काय होते ते दोन आजारांवरून दिसून येते.

पहिला आजार प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा, आनुवंशिक. १८६५ साली आर्मां ट्रूसो या फ्रेंच वैद्याने एका रुग्णाचे वर्णन केले: त्वचा काशासारखी तांबूस-काळी, यकृत कठीण झालेले आणि सोबत मधुमेह. पुढे या विकारास ‘ब्राँझ मधुमेह’ असेच नाव पडले. १८८९ साली फोन रेक्लिंगहाउझेन याने त्याचे ‘हिमोक्रोमॅटोसिस’ असे नामकरण केले आणि त्यास कारणीभूत असलेला जनुक १९९६ मध्ये सापडला. या रुग्णांत लोह यकृतात साठतेच, शिवाय स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींतही साठते. लोहाचे मोकळे कण आणि पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयोगातून अत्यंत विध्वंसक असे मूलक निर्माण होतात. ही रासायनिक अभिक्रिया फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ सालीच नोंदवली होती. बीटा पेशींची अशा माऱ्याविरुद्धची संरक्षणव्यवस्था मुळातच दुबळी असते. त्या झिजतात, इन्सुलिन कमी पडते. इकडे लोहाने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. हा आजार भारतीयांत दुर्मीळ आहे. दुसरा मात्र आपल्या अगदी शेजारचा आहे.

फाळणीबरोबर आलेला वारसा

१९४७ नंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेली लाखो निर्वासित कुटुंबे दिल्लीत लाजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर अशा वसाहतींत स्थिरावली. महाराष्ट्रात कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. या समाजांत थॅलेसीमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक या शक्यतेने अपत्यास थॅलेसीमिया मेजर होऊ शकतो. अशा बालकाच्या शरीरात धड हिमोग्लोबिन तयार होत नाही आणि दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त देण्यावाचून गत्यंतर नसते.

रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीर रोज एक मिलिग्रॅम खर्च करते हे वर आलेच आहे. म्हणजे एका दुपारी जे आत गेले ते निसर्गक्रमाने बाहेर पडावयास सात-आठ महिने लागावेत, आणि पुढची पिशवी तर महिन्याभरातच ठरलेली. ज्या रक्ताने जीव वाचतो त्याच रक्तातून हृदय, यकृत आणि ग्रंथींत लोहाचे थर चढत जातात. अशा मुलांना किशोरवयात वा तारुण्याच्या उंबरठ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. वजन वाढलेले नाही, घराण्यात इतिहास नाही, गोड फारसे खाल्लेले नाही, तरी साखर वाढते, कारण स्वादुपिंडच लोहाने निकामी होत आलेले असते. लोहाचा आणि मधुमेहाचा कार्यकारणसंबंध इतक्या उघडपणे क्वचितच दिसत असेल.

जादा लोह बाहेर काढण्यासाठी पूर्वी एकच औषध होते, डेस्फेरिऑक्सामिन. ते पोटाच्या वा मांडीच्या त्वचेखाली सुई टोचून एका छोट्या पंपाने आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. ते महाग होते, आणि रोज रात्री सुई टोचून घेणाऱ्या लेकरास समजावणे आईबापांस औषधाच्या किमतीहूनही जड जाई. तोंडाने घ्यावयाचे डेफेरिप्रोन १९९५ साली सिप्ला या भारतीय कंपनीने बाजारात आणले. त्या काळी पाश्चात्त्य देशांतही ते सहज उपलब्ध नव्हते, ही बाब अभिमानाने नमूद करावीशी वाटते. डेफेरासिरॉक्स हे दिवसातून एकदा घ्यावयाचे औषध २००५ नंतर आले. दिल्लीतील नॅशनल थॅलेसीमिया वेल्फेअर सोसायटीसारख्या, पालकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या संस्थांनी ही औषधे आणि सुरक्षित रक्त मिळावे यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात थॅलेसीमियाचा समावेशही झाला.

वाहकांविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्यांच्या तांबड्या पेशी लहान असतात आणि हिमोग्लोबिन किंचित कमी. नेहमीच्या रक्ततपासणीत हे चित्र हुबेहूब लोहाच्या कमतरतेसारखे दिसते. परिणामी अनेकांना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हिमोग्लोबिन तसूभर वाढत नाही, मग गोळी बदलली जाते. फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-२ या दोन तपासण्यांनी हा घोळ मिटतो. विवाहेच्छू तरुणतरुणींनी पत्रिकेआधी ही दुसरी तपासणी करून घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. वाहकास लोहाची खरी कमतरताही असू शकते, म्हणून गोळ्या परस्पर बंद करणेही चूकच.

निरोगी माणसाचे काय?

आतापर्यंतची चर्चा टोकाच्या साठ्याची झाली. ज्यास ना थॅलेसीमिया, ना आनुवंशिक दोष, अशा सर्वसाधारण माणसाच्या लोहाचाही साखरेशी संबंध असतो काय? फिनलंडमधील कुओपिओ परिसरातील पुरुषांवरील अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. लोहाचा साठा अधिक असलेल्या पुरुषांत पुढे मधुमेह होण्याची शक्यता सुमारे २.४ पट आढळली. २००४ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासातून, रक्त दिले तेव्हा निरोगी असलेल्या परंतु फेरिटिन अधिक असलेल्या स्त्रियांबाबत असाच निष्कर्ष निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून अधिक लोकांची ३६ वर्षांपर्यंतची माहिती तपासली. मांसातून, विशेषतः लाल मांसातून मिळणारे ‘हीम’ लोह सर्वाधिक खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांहून २६ टक्के अधिक दिसला. धान्य, डाळी आणि भाज्यांतून येणाऱ्या लोहाबाबत तसा संबंध दिसला नाही. शाकाहारी वाचकांनी यावरून फार हुरळून जाऊ नये. त्यांच्या आहारात लोह असते पण त्याचे शोषण अल्प होते, हीच तर आपल्याकडील रक्तक्षयाची एक बाजू आहे.

येथे सावधगिरीचा एक मुद्दा आहे. फेरिटिन हे केवळ साठ्याचे माप नव्हे. शरीरात कोठेही दाह असला, यकृतात चरबी साठलेली असली, जंतुसंसर्ग झाला, की लोह न वाढताही फेरिटिन वाढते. २०२०-२१ मध्ये कोविडच्या रुग्णांचे अहवाल ज्यांनी पाहिले, त्यांना फेरिटिनचे चढलेले आकडे आठवत असतील. पोटाचा घेर वाढलेल्या माणसात फेरिटिन आणि साखर दोन्ही वाढलेले असले, तर लोहामुळे साखर वाढली की चरबीमुळे दोन्ही, याचा निवाडा सोपा नाही. संशोधकांत याविषयी अद्याप एकमत नाही. स्पेनमधील जिरोना येथे २००२ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात, फेरिटिन अधिक असलेल्या मधुमेहींचे थोडे थोडे रक्त काढले असता इन्सुलिनचा परिणाम सुधारला होता. तरीही मधुमेहावरील उपाय म्हणून रक्त काढण्याची शिफारस कोणी करीत नाही. रक्तदान अवश्य करावे, ते ज्याला रक्ताची गरज आहे त्याच्यासाठी.

लाल किल्ला ते कुतुब

आता आपल्या घरचा हिशेब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे नोंदले गेले. दिल्लीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. दुसऱ्या बाजूस, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटींच्या पुढे गेली होती. दिल्लीतील माहितीही विचारात घेऊन २०२० मध्ये केलेला अंदाज असा, की महानगरात राहणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणास आयुष्यात कधी ना कधी मधुमेह होण्याची शक्यता ५५.५ टक्के आणि तरुणीस ६४.६ टक्के आहे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी घोषणा केली, की २०२४ पर्यंत सर्व शासकीय योजनांतून पोषणयुक्त तांदूळ दिला जाईल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या निकषानुसार अशा एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, शिवाय फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घातले जाते. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्यास यातून चार ते सहा मिलिग्रॅम जादा लोह मिळते. हेतू निःसंशय चांगला होता. तरी हरकत निघाली, आणि तीही जबाबदार वर्तुळातून. लोहस्तंभापासून फार दूर नसलेल्या कुतुब इन्स्टिट्यूशनल भागातील सीताराम भारतीय संस्थेत बालरोगतज्ज्ञ डॉ. हर्षपाल सिंग सचदेव काम करतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अनुरा कुरपाड पोषणशास्त्रातील मान्यवर. या दोघांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिपादन असे, की भारतात आहारातील लोह आणि रक्तक्षय यांचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही; आणि तांदूळ, मीठ, पीठ व गोळ्या अशा चार दारांनी एकाच वेळी लोह आले तर काहींच्या बाबतीत ते मर्यादेबाहेर जाईल. मुलांच्या फेरिटिनबरोबर रक्तातील साखर वाढण्याची शक्यताही वाढते, असे या गटाने राष्ट्रीय सर्वेक्षणातील आकड्यांवरून दाखवले. योजनेच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर असे, की हे प्रमाण शिफारशींच्या मर्यादेतच आहे आणि गरिबाच्या ताटापर्यंत पोषण पोचविण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

डॉ. सचदेव यांच्या शब्दाला वजन का आहे, हे सांगण्यासाठी थोडे विषयांतर करतो. १९६९ साली दक्षिण दिल्लीत लाजपतनगर परिसरातील विवाहितांची नोंद करून, त्यांच्या पोटी जन्मलेल्या आठ हजारांवर मुलांची उंची व वजने मोजण्याचा उपक्रम डॉ. संतोष भार्गव यांनी हाती घेतला होता. ती मुले २६ ते ३२ वर्षांची झाली तेव्हा त्यांपैकी सुमारे दीड हजार जणांना पुन्हा शोधून तपासण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत डॉ. सचदेव यांचा मोठा वाटा होता. जन्मतः आणि बालपणी बारीक असलेली, पुढे शालेय वयात झपाट्याने वजन वाढलेली मुलेच तरुणपणी साखरेच्या विकाराकडे झुकलेली दिसली. म्हणजे कमतरता आणि अतिरेक हे एकाच शरीराच्या आयुष्यात पाठोपाठ येऊ शकतात, हे या दिल्लीतल्या मुलांनीच जगास दाखवले. लोहाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावयास हवे.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या बालकांच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात बोटाच्या थेंबाऐवजी शिरेतून रक्त घेतले गेले. किशोरवयीनांत रक्तक्षय २८ टक्के आढळला, आणि त्यातीलही थोडाच भाग लोहाच्या कमतरतेमुळे होता. बाकीच्यांत ब-१२ आणि फोलेटची उणीव तसेच अन्य कारणे होती. ब-१२ च्या उणिवेवर लोह देत राहणे म्हणजे चुकीच्या खात्यात भरणा करणे होय. त्याच सर्वेक्षणात पाच ते एकोणीस वयोगटातील सुमारे दहा टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली होती.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर, गर्भवतीस, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीस, तपासणीत लोह कमी ठरलेल्या कोणासही डॉक्टरांनी दिलेली गोळी मधुमेहाच्या भीतीने थांबवणे हा शुद्ध अविचार ठरेल. मात्र चाळिशी उलटलेल्या, मांसाहारी, पोट सुटलेल्या गृहस्थाने ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून दुकानातून लोहाचे टॉनिक आणून वर्षभर पिणे हाही तितकाच अविचार आहे. आमच्या गुडगाव-नोएडाकडच्या मंडळींत हा दुसरा प्रकार अधिक आढळतो.

गुळाविषयीही लिहिणे भाग आहे. रक्त वाढावे म्हणून गूळ-शेंगदाणे खाण्याची आपली रीत, आणि दिल्लीच्या थंडीत त्यास गजक-रेवडीची जोड. शंभर ग्रॅम गुळात लोह मोजके मिलिग्रॅम आणि साखर ऐंशी ग्रॅमांच्या पुढे! उंबरठ्यावरच्या माणसास हा सौदा परवडणारा नाही. त्यापेक्षा बथुआ वा मेथीच्या भाजीवर लिंबू पिळावे, डाळ लोखंडी कढईत शिजवावी, जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. चहातील टॅनिन लोहास आतड्यातच अडवते. बाळंतिणीच्या अळिवाच्या लाडवांतही गूळ बेतानेच घालावा.

अहवाल वाचताना

या दोन विकारांची सर्वांत घोटाळ्याची गाठ प्रयोगशाळेत पडते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी हिमोग्लोबिनवरच केली जाते. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी अधिक काळ रेंगाळतात आणि साखर न वाढताही हा आकडा चढा येऊ शकतो. एखाद्या रक्तक्षयी भगिनीचा एचबीए१सी ६.१ आला, उपाशीपोटीची साखर मात्र ९० असली, तर आधी लोहाची तपासणी करून मग निष्कर्ष काढणे श्रेयस्कर. उलटपक्षी लोहाच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील, रक्त दिले-घेतले असेल, अथवा पेशी लवकर मोडणारा आजार असेल, तर आकडा खोटा कमी येतो आणि खरा मधुमेह झाकला जातो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनंतरची साखर हीच भरवशाची.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकते, तर मूत्रपिंडावर परिणाम झाल्यास रक्त बनण्याचाच वेग मंदावतो. म्हणून मधुमेहीचे हिमोग्लोबिन उतरले की थेट लोह सुरू न करता कारण शोधावे लागते. फेरिटिनपुरते बोलावयाचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढात प्रति लिटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता. आणि मासिक पाळी असलेल्या स्त्रियांत १५० व पुरुषांत २०० च्या वर असल्यास अतिरेकाची शंका घ्यावी. ताप, संधिवात वा यकृताचा विकार असताना हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून दाह दाखवणारी सीआरपी तपासणी त्याच रक्तावर करून घेणे इष्ट. गेल्या तीन महिन्यांत लोहाची गोळी, शिरेतून दिलेले लोह वा रक्त, यांपैकी काही घेतले असल्यास ते तपासणीपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि जुने अहवाल पासबुकासारखे तारीखवार लावून सोबत न्यावेत.